‘मी नको, मी पाडीन’ म्हणणारा मुलगा

वाचकाचा प्रश्न (थोडक्यात, ओळख काढून):

माझा मुलगा ९ वर्षांचा आहे आणि मुलगी १३ वर्षांची. मुलगी पहिल्यापासून व्यवस्थित, मुलगा अगदी उलटा. हातातून वस्तू पडणं, पाणी सांडणं, पेन्सिली हरवणं, लेस सुटलेली, हे रोजचंच. तो ५ वर्षांचा असताना त्याच्या मोठ्या काकांनी सगळ्यांसमोर त्याला ‘वेंधळा’ म्हटलं, सगळे हसले आणि तेव्हापासून ते नावच पडलं. आता घरी-दारी, नातेवाइकांत, सगळे तेच म्हणतात. आधी तो चिडायचा, रडायचा. आता स्वतःच हसतो, काही पडलं की कोणी बोलायच्या आत ‘मी वेंधळाच आहे’ म्हणून मोकळा होतो. मागच्या महिन्यात वर्गाच्या प्रोजेक्टचं मॉडेल हॉलमध्ये न्यायचं होतं, टीचरनी त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘मी नको, मी पाडीन.’ टीचरनी मला हे कौतुकाने सांगितलं, किती समजूतदार आहे म्हणून. मी घरी येऊन रडले. मी रोज त्याला सांगते की तू वेंधळा नाहीस, तू बेस्ट आहेस, जगात भारी आहेस, पण काही फरक नाही. मिस्टर म्हणतात, आम्हालाही लहानपणी काय काय म्हणायचे, काही बिघडलं नाही, उलट त्याने मुलं कणखर होतात. दादांशी (मोठ्या दिरांशी) मला भांडायचं नाहीये पण गप्पही बसवत नाही. अभ्यासात ठीकठाक आहे. घरात असला की जुनी घड्याळं, रिमोट उघडून पसारा करून तासन् तास बसतो, हाक मारली तरी ऐकू येत नाही. या माझ्या वेंधळ्याचा कॉन्फिडन्स कसा वाढवू? की आता उशीर झालाय?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि त्यातल्या त्या मॉडेलच्या प्रसंगापाशी थांबले. टीचरना त्यात समजूतदारपणा दिसला, तुम्हाला रडू आलं, आणि माझ्या मते तुम्हाला जे दिसलं ते बरोबर होतं. कोणीतरी विश्वासाने काम देतंय आणि ९ वर्षांचा मुलगा क्षणभर विचार न करता ते परत करतोय, ही साधी गोष्ट नाही. त्यामानाने सांडलेलं पाणी आणि हरवलेल्या पेन्सिली फारच किरकोळ आहेत, त्या वयात निम्म्या मुलांचं तेच चाललेलं असतं. त्याने कामं नाकारायला सुरुवात केलीय, याकडे आपल्याला आधी बघायचंय.

असं का होतं ते सांगते. दुसऱ्याने म्हणायच्या आत आपणच म्हटलं की कमी लागतं, हे मुलं फार लवकर शिकतात. तो हसतो म्हणजे त्याला आता लागत नाही असं घरातल्या बाकीच्यांना वाटत असेल, पण तसं बहुतेक नसावं, त्याने फक्त वार आधीच स्वतःवर करून घ्यायची सवय लावून घेतलीय. आणि त्याचा एक फायदाही त्याला मिळतो बरं का, ‘मी वेंधळाच’ म्हटलं की पुढची बोलणी थांबतात, कोणी परत काम सांगत नाही, जबाबदारी टळते. म्हणजे लेबल टोचतं पण ते सोयीचंही होतं, म्हणून ते सहज सुटत नाही. आणि यातून खरं नुकसान होतं ते असं की जो मुलगा वस्तू नेतच नाही त्याला वस्तू नेण्याची सवयही लागत नाही, मग कधी तरी नाइलाजाने न्यावी लागते तेव्हा हात थरथरतात, वस्तू पडते, आणि सगळे म्हणतात बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलू, जे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. घड्याळं आणि रिमोट उघडून तासन् तास बसतो. ताई, रिमोट उघडून बघितलाय का कधी? त्याचं कव्हर बारीक लॉकवर बसलेलं असतं, जोर जरा चुकला की लॉक तुटतो. आत रबरी बटणांची पातळ शीट असते, तिच्याखाली सर्किट बोर्ड असतो, आणि परत बसवताना ती शीट केसभर सरकली तरी बटणं दबत नाहीत. घड्याळातले स्क्रू तर नखावर मावतील एवढे. हे काम वेंधळ्या हातांचं नाही. पुढच्या वेळी तो बसला असेल तेव्हा हाक न मारता, न बोलता नुसतं बघा, काढलेले स्क्रू तो कुठे ठेवतो, कसे लावून ठेवतो. मला खात्रीने सांगता येणार नाही पण माझा अंदाज आहे की तिथे तुम्हाला एक वेगळाच मुलगा दिसेल.

मग हाच मुलगा पाणी का सांडतो? एक प्रसंग सावकाश डोळ्यांपुढे आणून बघा. घरात माणसं जमलीयत, त्याला पाण्याचे ग्लास आणायला सांगितलंय, ग्लास काठोकाठ भरलेले, तो दारातून आत येतो आणि कोणीतरी म्हणतं, ‘सांभाळ हां, सांडशील!’ सगळ्यांच्या माना वळतात. आता त्याचं लक्ष रस्त्यावर राहिलं नाही, ते गेलं स्वतःच्या हातांवर, आणि माणसांच्या चेहऱ्यांवर, की आता कोण हसणार. चालताना, वस्तू नेताना आपण स्वतःच्याच हालचालीकडे फार लक्ष द्यायला लागलो की हालचाल बिघडते, हे खेळाडूंच्या बाबतीतही होतं, गाणाऱ्यांच्याही. म्हणजे ‘सांडशील’ म्हणणारा माणूस काळजीपोटी म्हणतो पण सांडायला अर्धा हातभार त्याचाही असतो. त्यामुळे ‘पाडशील, सांडशील, हरवशील’ ही सगळी क्रियापदं घरातून काही दिवस हद्दपार करा, सांगायचंच असेल तर काय कर ते सांगा. ‘दोन्ही हातांनी धर.’ ‘एका वेळी एकच आण.’ एवढं पुरतं.

अजून एक विचारते, रागावू नका. तुमच्या मुलीच्या हातून या वर्षात काय काय पडलं, हरवलं? आठवायला वेळ लागेल. पडलं नसेल असं होणार नाही, १३ वर्षांची मुलगी आहे, पण ते पडलं आणि उचललं गेलं, कोणी लक्षात ठेवलं नाही, कारण ती ‘व्यवस्थित’ आहे. मुलाचं मात्र एकूण एक सगळ्यांच्या लक्षात आहे. आपण माणसाला एकदा नाव दिलं की त्या नावाला जुळणाऱ्या गोष्टी आपल्याला दिसत राहतात आणि न जुळणाऱ्या डोळ्यांसमोरून निघून जातात, हे तुमच्याच घरात नाही, सगळ्या घरांत होतं.

शाळेतही होतं. १९६८ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथल आणि मुख्याध्यापिका लिनोर जेकबसन या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला होता, तो खूप गाजला. त्यांनी शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं की टेस्टवरून दिसतंय, ही मुलं या वर्षी खूप प्रगती करतील. खरं म्हणजे ती साधारण वीस टक्के मुलं चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडलेली होती. वर्षाच्या शेवटी पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्ध्यांकाच्या टेस्टमधले मार्क बाकीच्यांपेक्षा बरेच वाढलेले दिसले. वरच्या वर्गांत तसं फारसं दिसलं नाही, आणि पुढे या प्रयोगावर बरीच टीकाही झाली, असा परिणाम असतो पण एवढा मोठा नसतो असं बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. मला ही मर्यादाच तुम्हाला मुद्दाम सांगायचीय, कारण आईवडील असं काही वाचलं की घाबरतात, की झालं, दादांनी एक शब्द टाकला आणि मुलाचं आयुष्य गेलं. एवढी ताकद कुठल्याही काकांच्या शब्दात नसते. लहान मुलांवर मोठ्यांच्या अपेक्षांचा परिणाम होतो, रोजच्या माणसांच्या अपेक्षांचा जास्त होतो, पण ज्या गोष्टीचा परिणाम होतो ती बदलताही येते.

आणि रोजची माणसं म्हणजे तुम्ही. तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्हीच ‘या माझ्या वेंधळ्याचा’ असं लिहिलंय. मायेने लिहिलंय हे मला कळतंय, पण बाहेरच्यांनी दिलेलं नाव मुलाच्या अंगाला घट्ट बसतं ते घरच्यांनी त्यावर सही केली की. काका महिन्यातून एकदा भेटत असतील. पाहुण्यांसमोर ‘असाच आहे हो हा, काय सांगायचं’ असं आपण ओशाळून बोलतो ना, मुलं ते दाराआडून ऐकतात, आणि त्यांच्या दृष्टीने तो शेवटचा निकाल असतो. त्यामुळे सुरुवात दादांपासून करू नका, आपल्या घरापासून करा. तो शब्द तुम्ही, मिस्टर आणि मुलगी, तिघांनी बंद करायचा, लाडातही नाही, फोनवर बहिणीशी बोलतानाही नाही.

मग त्याऐवजी काय? तुम्ही म्हणता मी रोज सांगते तू बेस्ट आहेस, जगात भारी आहेस. तुमची तळमळ मला कळते पण याचा उपयोग होत नाही, कधी कधी उलटंच होतं. मानसशास्त्रज्ञ एडी ब्रुमेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये ८ ते १२ वर्षांच्या मुलांना चित्र काढायला दिलं आणि मग एका चित्रकाराची म्हणून चिठ्ठी दिली. काहींना लिहिलं, सुंदर चित्र काढलंस. काहींना लिहिलं, कमालीचं सुंदर चित्र काढलंस. नंतर पुढचं चित्र निवडायला सांगितलं, सोपं किंवा अवघड. ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी होता त्या मुलांचा कल कमालीचं कौतुक मिळाल्यावर सोप्या चित्राकडे जास्त दिसला, अवघड चित्र ती टाळायला लागली. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. कारण समजायला अवघड नाही, एवढं मोठं कौतुक झालं की आता पुढच्या वेळी एवढंच करून दाखवावं लागणार ही भीती बसते. तुमच्या मुलाला ‘वेंधळा’ हे नाव तरी ओळखीचं आहे, ‘जगात भारी’ हे त्याला कुठून झेपणार? आणि तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही कारण त्याच्या हातातून आत्ताच ग्लास पडलाय, हे त्याने स्वतः बघितलंय. एका लेबलवर दुसरं चकचकीत लेबल चिकटवून पहिलं जात नाही.

त्यापेक्षा जे घडलं तेवढंच बोला. बाटली पडली. ‘बाटली पडली, फडकं घे, मी कडेचं सामान उचलते.’ बस. पुसून झालं की विषय संपला, रात्री बाबांना रिपोर्ट नाही. आणि जे चांगलं घडलं तेही तसंच बोला, घडलं तेवढंच. ‘तू ते स्क्रू काढलेल्या क्रमाने लावून ठेवलेस, त्यामुळे परत बसवताना शोधावे लागले नाहीत.’ याला तो ‘नाही’ म्हणू शकत नाही, कारण ते त्याच्या डोळ्यांसमोर आहे. असं एखादं वाक्य दिवसातून एकदा आलं तरी खूप झालं, आणि नाही सुचलं एखाद्या दिवशी तर ओढून-ताणून बोलू नका, मुलांना बनावट कौतुक लगेच कळतं.

तो ‘मी वेंधळाच आहे’ म्हणाला की वाद घालू नका. ‘नाही रे राजा, तू नाहीस’ हे त्याने शंभरदा ऐकलंय. शांतपणे विचारा, ‘नक्की काय झालं?’ तो सांगेल, हातात दप्तर पण होतं आणि बाटली पण, आणि दार उघडायला गेलो. मग, ‘बरं, पुढच्या वेळी काय करशील?’ ‘दप्तर आधी ठेवीन.’ बघा, ‘मी असाच आहे’ पासून तो ‘दप्तर आधी ठेवायचं’ इथपर्यंत आला. स्वभावाला इलाज नसतो असं त्याला वाटतं, पण दप्तर आधी ठेवायला त्याला जमतं. माझ्या दृष्टीने कॉन्फिडन्स म्हणतात तो हाच, स्टेजवर जाऊन धडाधड बोलणं नव्हे, तर बिघडलं तर मला काहीतरी करता येतं हे माहीत असणं.

वस्तू हरवण्याचं वेगळं आहे, तिथे बोलण्यापेक्षा व्यवस्था लागते. सगळं एकदम सुधारायला जाऊ नका. कुठली एक गोष्ट सुधारली तर तुझा रोजचा त्रास कमी होईल, हे त्यालाच निवडू द्या. समजा पाण्याची बाटली म्हणाला. मग दाराजवळ तिची एक जागा, आणि निघताना बघायच्या तीन-चार गोष्टींची यादी, त्याच्याच अक्षरात, त्याच्याच डोळ्यांच्या उंचीवर. ज्या मुलाला यंत्रं उघडून बघायला आवडतात त्याला ‘वस्तू हरवते कुठे’ हे शोधायलाही आवडू शकतं, त्याला ते कोड्यासारखं द्या, शिक्षेसारखं नको. आणि तो यादी विसरला तर ‘यादी बघ’ एवढंच, ‘यादी करूनही तेच?’ हे नको. या सगळ्याला दोन-तीन महिने धरा. मधे बिघडेल, मग परत सुधारेल.

कामं त्याच्याकडून काढून घेऊ नका ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. घरात काय होतं, वेळ वाचावा म्हणून, सांडू नये म्हणून आपण ‘राहू दे, ताई करेल’ म्हणतो. त्याला त्यातून कळतं की सगळ्यांचं एकमत झालंय. त्याला खरी कामं द्या, म्हणजे बिघडली तर थोडं तरी नुकसान होईल अशी, काचेची वस्तू पण हळूहळू येऊ दे. फुटली एखादी तर फुटली, त्याने कामं नाकारत राहणं हे एका काचेच्या भांड्यापेक्षा महाग पडतं. शाळेतही टीचरना भेटून सांगा, तक्रार म्हणून नाही, की तो ‘मी नको’ म्हणाला तर त्याला सोडू नका, दुसऱ्या मुलाबरोबर अर्धं धरायला द्या. त्या चांगल्या मनाच्या वाटतात, त्यांना फक्त हे माहीत नाही की तो समजूतदारपणे नाही म्हणत नव्हता.

आता दादांचं. तुम्हाला भांडण किंवा गप्प बसणं असे दोनच रस्ते दिसतायत, पण मधे बरीच जागा आहे. पहिलं, हे मिस्टरांनी बोलायचं आहे, त्यांचा सख्खा भाऊ आहे, तुम्ही बोललात तर ते दीर-भावजयीचं होतं आणि मुलगा बाजूला राहतो. बोलायचं एकांतात, फोनवर चालेल, आणि आरोप न करता एकच ठोस विनंती करायची. ‘दादा, त्याला वेंधळा म्हणायचं आपण सगळ्यांनी बंद करतोय, तो शाळेत कामं नाकारायला लागलाय. तू त्याला नावाने हाक मार.’ मॉडेलचा प्रसंग सांगायचा. बहुतेक काकांना हे ऐकून वाईटच वाटतं, त्यांनी गंमत म्हणून म्हटलेलं असतं आणि इतकी वर्षं मूलही हसत होतं.

दुसरं, तरीही कोणी चारचौघांत म्हणालंच तर तुम्ही एक वाक्य बोलायचं, मुलाच्या देखत, शांत आवाजात. ‘त्याच्या हातून ग्लास पडला, तो पुसतोय.’ आणि विषय बदलायचा. यात कोणाचा अपमान नाही, पण मुलाला जे ऐकायला हवं ते त्याला ऐकू जातं, की आईने त्या शब्दाला मान डोलावली नाही. मुलांना आपण जिंकावं असं वाटत नसतं, आपण त्यांच्या बाजूला उभं राहावं असं वाटतं, आणि नेमकं त्याच वेळी आपण पाहुण्यांबरोबर कसनुसं हसतो. दादा ऐकतील किंवा नाही ऐकणार. नाही ऐकलं तरी तुमचं ते एक वाक्य दर वेळी यायला हवं.

मिस्टरांशी मात्र एकदा निवांत बोला. आम्हालाही म्हणायचे आणि काही बिघडलं नाही, असं खूप बाबा म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात, माणसं खरंच मोठी होतात, नोकरी करतात, संसार करतात. वाद घालू नका, फक्त विचारा, तुम्हाला काय म्हणायचे? कोण म्हणायचं? कुठल्या प्रसंगात? उत्तर लगेच आलं, माणसाच्या नावासकट आणि जागेसकट, तर एवढ्या वर्षांनी ते इतकं लख्ख का आठवतं, हे त्यांचं त्यांनाच जाणवेल. आणि कणखरपणा हवाच आहे की, त्याबद्दल दुमत नाही, पण तो अवघड कामं अंगावर घेऊन, बिघडवून, परत करून येतो. तुमचा मुलगा तर त्या नावामुळे अवघड कामांपासून लांब चाललाय.

एक गोष्ट डॉक्टरांकडून तपासून घ्या असं मी सांगेन, घाबरून नाही, माहिती असावी म्हणून. आधी डोळे, कारण अंतराचा अंदाज चुकला तरी वस्तू पडतात आणि मूल स्वतःहून सांगत नाही, त्याला जग तसंच दिसत असतं. मग हाता-पायांचा ताळमेळ, शाळकरी मुलांत साधारण पाच-सहा टक्के मुलांना हालचालींच्या समन्वयाची खरीखुरी अडचण असते आणि ऑक्युपेशनल थेरपीने, म्हणजे रोजच्या कामांतल्या हालचालींचा तज्ज्ञाकडून सराव करून घेतल्याने, त्यात चांगली मदत होते. तो घड्याळं उघडतो म्हणून मला त्याची शक्यता कमी वाटते, पण मी त्याला पाहिलेलं नाही. आणि लक्ष लागण्याचं, म्हणजे एडीएचडी. तुम्ही लिहिलंत की आवडीच्या कामात त्याला हाक ऐकू येत नाही, यावरून लोक लगेच म्हणतात की मग याला लक्षाचा प्रॉब्लेम नाहीच, पण एडीएचडी असलेली मुलंही आवडीच्या गोष्टीत तशी बुडून जातात, त्यामुळे यावरून हो किंवा नाही काहीच ठरत नाही. तज्ज्ञ बघतात ते असं की लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून आहेत का, निदान सहा महिने टिकलीत का, आणि घर आणि शाळा अशा दोन्हीकडे दिसतात का, आणि त्यामुळे रोजचं काम अडतंय का. तपासणीत काही निघालं नाही तर उत्तमच. निघालं तर ‘अजून एक लेबल लागलं’ असं समजू नका. ‘वेंधळा’ म्हटल्यावर पुढे काही करायला उरत नाही, निदान झाल्यावर पुढे काय करायचं ते कळतं. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची अडचण, असलेली कितीतरी मुलं वर्षानुवर्षं ‘मठ्ठ’ आणि ‘आळशी’ ही नावं वागवत बसतात, केवळ कोणी तपासलं नाही म्हणून.

ज्यांच्या घरी दुसरं नाव आहे, घुमी, भित्री भागूबाई, रडूबाई, आळशी, त्यांनाही यातलं बरंचसं लागू होईल, नाव सोडून घडलेली गोष्ट बोलायची, मूल त्या नावाच्या उलट कधी वागतं ते शोधायचं. अबोल मुलीला चारचौघांत ‘बोल ना गं, काकूंशी बोल’ म्हणून ढकलू नका, तिला सरावायला वेळ द्या. १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने बऱ्याच मुलांचा लहानपणापासून पाठपुरावा केला, त्यात काही मुलं जात्याच नव्या माणसांत हळूहळू रुळणारी दिसली, आणि त्यांचं म्हणणं असं होतं की स्वभाव चांगला-वाईट नसतो, आजूबाजूच्यांच्या अपेक्षा त्या स्वभावाशी किती जुळतात यावर मुलाचं पुढचं बरंच अवलंबून असतं.

पण रंग, उंची, वजन, दात यांवरून पडलेली नावं मी यात धरत नाही. तिथे मुलाने काही शिकायचं नाही, काही सुधारायचं नाही, आणि ‘तू मनाने सुंदर आहेस’ असलं समाधानही द्यायचं नाही, कारण त्यातून मुलाला एवढंच कळतं की बाकी ते म्हणतात ते खरंच आहे. तिथे फक्त मोठ्या माणसाला थांबवायचं, पहिल्याच वेळी, स्पष्ट. ‘तिच्या दिसण्यावर आमच्या घरात बोलत नाही.’ नातं थोडं दुखावलं तर दुखावू द्या.

उशीर झालाय का विचारलंत. नाही झाला. ९ व्या वर्षी मुलं स्वतःबद्दलची मतं बनवत असतात, अजून पक्की झालेली नसतात, आणि तुमच्याकडे तर घड्याळांचा पसारा आहे ज्यातून सुरुवात करता येईल. एवढंच की पहिले काही आठवडे तो जास्तच ‘मी वेंधळाच’ म्हणेल, मुद्दाम बघेल तुम्ही खरंच बदललात का, त्याने निराश होऊ नका.

शेवटी तुमच्या मुलीबद्दल, जिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीये. ‘व्यवस्थित’ हेही लेबलच आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवर केलेला, १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असं. नंतर अवघड कोडी देऊन सगळ्यांना अडकवलं. हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, त्यांना सोपी कामं हवीशी वाटली, आणि आपले मार्क दुसऱ्या मुलांना कागदावर लिहून कळवायचे होते तेव्हा त्यांच्यातल्या जवळपास ४० टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. तुमची मुलगी १३ वर्षांची आहे, पुढची दोन-तीन वर्षं तिच्या हातून बऱ्याच गोष्टी बिघडणार आहेत, अभ्यासात, मैत्रिणींत, आणि ‘ती व्यवस्थित आहे’ या नावाला जपायचं म्हणून ती तुमच्यापासून लपवू शकते. भावाचं नाव बंद कराल त्याच दिवशी तिचंही बंद करा, आणि दोघांची तुलना तर पूर्णच थांबवा, ‘ताईकडून शिक जरा’ हे वाक्य दोघांनाही जड जातं. तिची एखादी वस्तू हरवली, एखादा पेपर अवघड गेला, तर धक्का बसल्यासारखा चेहरा करू नका, तिलाही तेच विचारा जे त्याला विचारता, नक्की काय झालं, आणि मग ती काय सांगते ते पूर्ण ऐकून घ्या. दोन-तीन महिन्यांनी दोघांबद्दलही कळवा, मी वाट बघतेय.